जिवाणूंच्या अंगावरून सुटणाऱ्या पिशव्या

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

फुलचूरहून बोलतोय. आज विषय जरा बारीक आहे, म्हणजे अक्षरशः बारीक. एका मिलिमीटरमध्ये दहा हजार एका ओळीत बसतील एवढा बारीक.

सुरुवात आपल्या बांधीतून करू. रोवणी होऊन धान जोरात आलं, वरून पाऊस आणि वारा सतत चालू राहिला, की काही बांध्यांमध्ये पानाच्या टोकापासून आणि कडेकडेने पिवळट-पांढरी नागमोडी पट्टी उतरायला लागते. कृषी सहायक बघून सांगतो, कडा करपा. हा बुरशीचा करपा नव्हे, हा जिवाणूचा. ओळखायची एक सोपी रीत आहे. रोगट पान कात्रीने कापायचं आणि कापलेलं टोक स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात सोडायचं. थोड्या वेळात त्या टोकातून दुधाळ धागा पाण्यात उतरताना दिसतो. तो धागा म्हणजे झँथोमोनास नावाचे जिवाणू, कोट्यवधी.

आता समजा हे गढूळ पाणी मी प्रयोगशाळेत नेलं आणि 220 नॅनोमीटरची छिद्रं असलेल्या गाळणीतून गाळलं. जिवाणू वर अडकले, खाली नितळ पाणी आलं. आपण म्हणू, हे निर्जंतुक झालं, यात काही नाही. कित्येक वर्षं शास्त्रज्ञही असंच म्हणत होते. पण हे नितळ पाणी गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोराने फिरवणाऱ्या यंत्रात दोन-तीन तास फिरवलं तर नळीच्या तळाशी एक पुसट, मेणचट थर जमतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यात गोल गोल पिशव्या दिसतात, 20 पासून साधारण 250 नॅनोमीटरपर्यंतच्या. त्यांना पुस्तकात बाह्यपटलाच्या पुटिका म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द व्हेसिकल. मी आज सरळ पिशव्याच म्हणतो.

या पिशव्या जिवाणूच्या अंगावरून सुटलेल्या असतात. आणि जिवाणू मेला म्हणून सुटल्या, असं नाही. जिवंत, धडधाकट, वाढणारा जिवाणू त्या सोडत राहतो. मला वर्गात नेहमी विचारलं जातं, की स्वतःचं कातडं असं फुकट का वाटायचं? त्याच्याही आधीचा प्रश्न मला जास्त आवडतो. सोडतो तरी कसा?

आधी थोडा इतिहास, कारण त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे आणि तो सांगितला जात नाही. 1965 मध्ये इंग्लंडमध्ये बिशप आणि एलिझाबेथ वर्क यांनी ई. कोलाय या जिवाणूला लायसिन हे अमिनो आम्ल तोटकं दिलं, तर भोवतालच्या द्रवात त्याच्या बाहेरच्या आवरणाचा माल जमा होतो, असं पाहिलं. पण तो उपाशी ठेवलेला जिवाणू होता. आजारी माणसाच्या अंगाची साल निघाली, असं कोणी म्हणू शकलं असतं. मग 1967 मध्ये कोलकात्याचे एस. एन. चॅटर्जी आणि जे. दास यांनी कॉलऱ्याच्या जिवाणूची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रं छापली. त्यांचे जिवाणू उपाशी नव्हते, भराभर वाढत होते. आणि चित्रांत स्पष्ट दिसत होतं की बाहेरचं आवरण एका जागी फुगतं, फुगा मानेशी आवळला जातो, आणि सुटून जातो. आतलं आवरण शाबूत, जिवाणू शाबूत. ही नेहमीची, निरोगी जिवाणूची क्रिया आहे, हे सांगणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे एक. एस. एन. डे यांनी कॉलऱ्याचं विष जिवाणू काढून टाकलेल्या गाळलेल्या द्रवात असतं हे 1959 मध्ये दाखवलं, तेही कोलकात्यातच. त्या शहराने कॉलरा सोसलाही खूप आणि समजूनही घेतला.

तर आता रचना. जिवाणूंचे दोन मोठे गट, ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह. आपण दुसऱ्या गटाबद्दल बोलतोय. कॉलरा, टायफॉइड, ई. कोलाय, मेंदूज्वराचा मेनिंगोकोकस, धानाचा झँथोमोनास, हे सगळे यातले. (पहिल्या गटातलेही पिशव्या सोडतात, पण त्यांना बाहेरचं पटलच नाही, म्हणून त्यांची गोष्ट वेगळी.)

या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात. आतलं एक, बाहेरचं एक. मध्ये अरुंद पोकळी, आणि त्या पोकळीत साखर व अमिनो आम्लांच्या साखळ्यांची विणलेली एक पातळ पण मजबूत जाळी. तिला पेप्टिडोग्लायकन म्हणतात. आता घरातली गादी डोळ्यांसमोर आणा. कापूस आत, खोळ वर, आणि खोळ सरकू नये म्हणून पिंजारी दर वीतभर अंतरावर टाका घालतो. जिवाणूतही तेच. बाहेरचं पटल ही खोळ, ती जाळी हा कापूस, आणि दोघांना बांधून ठेवणारे प्रथिनांचे टाके. ई. कोलायमधला सगळ्यांत मोठा टाका म्हणजे ब्राउन यांच्या नावाने ओळखलं जाणारं लायपोप्रोटीन. त्या जिवाणूत संख्येने सगळ्यांत जास्त असलेलं प्रथिन हेच. शिवाय ओएमपी-ए नावाचं एक, आणि टोल-पाल नावाची एक जोडगोळी, जी विभागणीच्या वेळी बाहेरचं पटल आत ओढून धरते.

जुन्या गादीचा टाका तुटला की तिथली खोळ कशी फुगून वर येते! पिशवी तयार होण्याची पहिली पायरी हीच. जिथे टाके विरळ, तिथे फुगवटा. पुरावा सरळ आहे: टोल-पालचं जनुक काढून टाकलं तर तो जिवाणू पिशव्यांचा पाऊस पाडतो. पण एवढ्याने भागत नाही. टाके तोडले तर कातडं गळणारच, तो अपघात झाला. निरोगी जिवाणू तर टाके न तोडता, आवरण कुठेही न फाडता पिशव्या सोडतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मेटा क्यून यांच्या प्रयोगशाळेने 2006 मध्ये ई. कोलायची जनुकं एकेक बिघडवून पाहिली. काही बिघाडांत पिशव्या वाढल्या, काहींत कमी झाल्या. पूर्ण थांबल्या असा एकही सापडला नाही. ही माझ्या मते या विषयातली सगळ्यांत बोलकी गोष्ट आहे. जी क्रिया बंदच करता येत नाही, ती जिवाणूला लागतेच, असं मानायला जागा आहे.

इथे एक अडचण लक्षात घ्या. आपल्या पेशीत पिशवी तोडायला यंत्रं असतात, प्रथिनं जी मान आवळतात आणि त्यासाठी एटीपी नावाचं इंधन जाळतात. जिवाणूच्या त्या मधल्या पोकळीत एटीपी नसतं. म्हणजे इंधनाशिवायच काम करायचं आहे. मग जोर कुठून येतो?

एक उत्तर, आतून. त्या पोकळीत नीट घडी न बसलेली प्रथिनं किंवा जाळीचे तुकडे साचले की तिथे गर्दी होते आणि पटलावर दाब येतो. पटल फुगतं, कचऱ्यासकट सुटून जातं. म्हणजे घरातला कचरा पोत्यात भरून बाहेर. उष्णतेचा किंवा अन्य ताण दिला की पिशव्या वाढतात, ते याच्याशी जुळतं.

दुसरं उत्तर, पटलाच्या आकारातून. बाहेरच्या पटलाचे दोन थर असतात आणि ते सारखे नसतात. आतल्या थरात साधी फॉस्फोलिपिडं, बाहेरच्या थरात लिपोपॉलिसॅकराइड, ज्याला आपण एंडोटॉक्सिन म्हणून ओळखतो. आता बाहेरच्या थरात काही जास्तीचं घुसलं तर तो थर पसरणार, आतला तेवढाच राहणार, आणि पटल बाहेरच्या बाजूने वाकणार. चपाती एका बाजूने जास्त भाजली की वाकडी होते ना, त्यात जसा एका बाजूचा फरक पुरतो, तसंच. स्युडोमोनास हा जिवाणू नेमकं हेच करतो. त्याचा एक निरोप्या रेणू आहे, पीक्यूएस. आपल्या भाईबंदांना ‘आपण किती जमलोय’ हे सांगण्यासाठी तो हा रेणू सोडतो. पण रेणू पाण्यात विरघळत नाही. 2005 मध्ये मॅशबर्न आणि व्हाइटली यांनी दाखवलं की हा रेणू बाहेरच्या पटलात घुसतो, पटल वाकवतो, पिशवी तयार करवतो, आणि त्याच पिशवीत बसून शेजाऱ्याकडे जातो. निरोपाने आपली गाडी आपणच बनवली.

पण पीक्यूएस सगळ्यांकडे नसतं. सगळ्यांना लागू होईल असं काही हवं होतं, आणि ते 2016 मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथून आलं. मी सांगितलं की फॉस्फोलिपिडं आतल्या थरात असायला हवीत. काही चुकून बाहेरच्या थरात सरकतात, आणि त्यांना परत आत नेणारी एक यंत्रणा असते, व्हॅकजे-वायआरबी नावाची. ही यंत्रणा थंडावली की फॉस्फोलिपिडं बाहेरच्या थरात साचतात, पटल वाकतं, पिशवी सुटते. आणि ती थंडावते कधी? लोह कमी पडलं की. आता हे ऐका: आपलं शरीर जंतू आत शिरले की लोह मुद्दाम लपवून ठेवतं. म्हणजे जिवाणू माणसात शिरला, लोह मिळेना, लगेच पिशव्या वाढल्या. कॉलऱ्याच्या जिवाणूत हे चालतं.

त्याचा त्याला फायदा काय, हेही त्याच ग्राझच्या गटाने 2020 मध्ये पुढे नेलं. तळ्यातला जिवाणू आतड्यात शिरतो तेव्हा त्याचं जुनं अंग त्याला नडतं. त्याच्या पटलावर ओएमपी-टी नावाची दारं असतात, त्यांतून पित्त आत शिरतं. नवं पटल बनवून जुनं पातळ होत जाईल याची वाट पाहायला वेळ नसतो. म्हणून तो जुनं पटल पिशव्यांमधून झटपट टाकून देतो आणि आतून नवं अंग पुढे येतं. सापाने कात टाकावी तसं, पण काही तासांत आणि तुकड्यातुकड्याने. मेळघाटात 2022 च्या जुलैत चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला, माणसं दगावली, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विहिरीतून पोटात जाताना तो जिवाणू हे सगळं करत असतो. शिवाय 2011 मध्ये कोलकात्याच्या केया चौधुरी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॉलऱ्याचं विष या पिशव्यांसोबतही जातं आणि आतड्याच्या पेशी त्या पिशव्या आत ओढून घेतात.

तिसरी रीत अगदीच निराळी, तीही 2016 ची, ऑस्ट्रेलियातल्या सिंथिया व्हिटचर्च यांच्या प्रयोगशाळेतली. स्युडोमोनासच्या लांबट पेशींपैकी एखादी अचानक गोल होते आणि काही सेकंदांत फुटते, फटाका फुटावा तशी. जिवाणूखाऊ विषाणूकडून वारशाने आलेलं एक विकर तिची जाळी आतून खाऊन टाकतं. पटलाच्या चिंध्या उडतात आणि त्या चिंध्या आपोआप मिटून पिशव्या होतात. म्हणजे इथे खरोखर मरणातून पिशव्या. या पिशव्यांत आतला डीएनएही सापडतो, जो नुसत्या फुगवट्यातून आलेल्या पिशवीत कसा आला हे समजावणं कठीण जायचं. कोणी मग विचारेल, यातली खरी रीत कोणती? सगळ्याच. कुठला जिवाणू, कुठली वेळ, कुठला ताण, त्यावर ठरतं.

बरं, आता आपल्याला त्याचं काय, यावर येतो.

दवाखान्यात अमॉक्सिसिलिन लिहून मिळतं. घसा, कान, फुप्फुसं. न्यूमोकोकस हा जंतू त्याने मरायला हवा. पण श्वासनलिकेत तो एकटा नसतो. मोरॅक्सेला नावाचा एक शेजारी असतो, त्याच्याकडे पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोडणारं विकर असतं, बीटा-लॅक्टमेज. 2011 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की मोरॅक्सेला हे विकर आपल्या पिशव्यांत भरून बाहेर सोडतो, त्या पिशव्या भोवतालचं अमॉक्सिसिलिन तोडून टाकतात, आणि ज्या न्यूमोकोकसकडे स्वतःचं काहीच बचावाचं साधन नाही तो वाचतो. रिपोर्टमध्ये लिहून येणार की जंतू या औषधाला दबतो. आणि रिपोर्ट खोटा नसतोच, कारण प्रयोगशाळेत तो जंतू शेजाऱ्याशिवाय एकटा वाढवलेला असतो.

याहून वाईट म्हणजे जनुकच पोचवणं. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा अतिदक्षता विभागातला कुख्यात जंतू. एनडीएम-1 हे जनुक, जे असलं की कार्बापेनेमसारखी शेवटच्या फळीतली औषधंही निकामी होतात, हा जंतू पिशव्यांत घालून दुसऱ्याला देतो, हे कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेतून 2017 मध्ये छापून आलं. दोन जिवाणूंनी एकमेकांना चिकटायचीही गरज नाही. पाकीट आलं, उघडलं, घेतलं.

मेनिंगोकोकसची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी. तो रक्तात शिरला की भरमसाट पिशव्या सोडतो, आणि प्रत्येक पिशवीच्या अंगावर एंडोटॉक्सिन. शरीर त्या पिशव्यांनाच शत्रूची फौज समजून पेटून उठतं, रक्तदाब कोसळतो, त्वचेखाली जांभळे डाग उठतात, काही तासांत धडधाकट पोरगं जातं. 2002 मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी अशा एका मृत रुग्णाच्या रक्तातल्या जिवाणूवर आणि भोवताली या पिशव्या प्रत्यक्ष दाखवल्या.

आणि याच जंतूवर याच पिशव्या औषध ठरल्या. इथे पुण्याचा संबंध येतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आफ्रिकेसाठी आधी गट ए ची मेनआफ्रिव्हॅक लस दिली, 2010 पासून. नंतर मेनफाइव्ह, जिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता 2023 मध्ये मिळाली आणि 2024 मध्ये नायजेरियाने ती सगळ्यांत आधी वापरली. पाच गट: ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स. यात बी का नाही? या लसी जिवाणूच्या साखरेच्या वेष्टनावर बेतलेल्या असतात. बी गटाचं वेष्टन ज्या साखरेचं आहे, तीच साखर आपल्या मज्जापेशींवर असते. शरीर तिला आपली समजतं, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं करत नाही, आणि केली तर ती आपल्याच अंगावर यायची भीती. चोराने घरच्याच माणसाचा सदरा घातलेला.

मग वेष्टन सोडून त्याखालचं पटल पकडायचं ठरलं. क्युबाने 1980 च्या दशकात, नॉर्वेनेही त्याच सुमारास, बी गटाच्या जिवाणूच्या पिशव्यांची लस बनवली. न्यूझीलंडमध्ये 1991 पासून साथ चालू होती, तिथे 2004 मध्ये त्यांच्याच साथीच्या जंतूपासून खास लस दिली गेली. काटेकोर बोलायचं तर या लसींतल्या पिशव्या जिवाणूने आपणहून सोडलेल्या नव्हत्या. डिटर्जंट वापरून त्या सोडवलेल्या, म्हणजे बरंचसं एंडोटॉक्सिन धुऊन निघावं. या धुण्यात काही उपयोगी प्रथिनंही जातात. म्हणून इटलीतल्या सिएना इथल्या संशोधकांनी वेगळा रस्ता धरला: टोल-आर हे जनुक काढून टाकायचं, टाके सैल करायचे, आणि जिवाणूलाच भरभरून पिशव्या सोडू द्यायच्या. एंडोटॉक्सिन सौम्य करायला आणखी एखादं जनुक बदलायचं. हगवणीच्या शिगेलावर त्यांनी असं काम केलं. कोलकात्यातही शिगेलाच्या पिशव्यांपासून लस बनवून उंदरांवर तपासली गेली आहे. मघाशी गादीचा टाका सांगितला ना, तो असा कारखान्यात कामी येतो.

न्यूझीलंडच्या लसीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. ज्या तरुणांना ती दिली होती त्यांच्यात परमा, म्हणजे गोनोरिया, कमी आढळला. 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात हा बचाव सुमारे 31 टक्के निघाला. गोनोरियाचा जंतू मेनिंगोकोकसचा सख्खा चुलत भाऊ, पटलावरची बरीच प्रथिनं सारखी. 31 टक्के म्हणजे फार नाही, मान्य. पण ज्या रोगावर एकामागून एक औषध निकामी होतंय आणि आजवर एकही लस चालली नाही, तिथे मला हा आकडा मोठा वाटतो. त्याच न्यूझीलंडच्या पिशव्या पुढे 4सीमेनबी या लसीत घातल्या गेल्या, आणि ब्रिटनने 2025 च्या ऑगस्टपासून जोखीम जास्त असलेल्यांना गोनोरियासाठी ती द्यायला सुरुवात केली.

आता धानाकडे परत, थोडक्यात. टोमॅटो-मिरचीवर येणारं झँथोमोनासचं भावंड पानाच्या पेशीभिंती तोडणारी विकरं पिशव्यांतूनही बाहेर पाठवतं, असं 2015 मध्ये दिसलं. आणि द्राक्षवेलीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहणारा झायलेला नावाचा जिवाणू, झँथोमोनासच्याच कुळातला, पिशव्यांचा वापर आणखी चतुराईने करतो. त्या नळीच्या भिंतीला पिशव्या आधी चिकटतात, जिवाणूला चिकटायला जागा उरत नाही, म्हणून तो मोकळा वाहत वेलभर पसरतो. कॅलिफोर्नियात स्टीव्हन लिंडो यांच्या गटाने हे 2014 मध्ये दाखवलं. पण झाडंही गाफील नाहीत. जिवाणूच्या पिशव्या नुसत्या लागल्या तरी झाडाची प्रतिकारयंत्रणा जागी होते, असेही प्रयोग आहेत. म्हणजे पिशवी हा हल्लाही आणि चाहूलही.

मागच्या भागाखाली एका ताईंनी विचारलं होतं, पाणी उकळलं की जंतू मरतात, मग त्यांचं हे अंगावरचं विष जातं का? कॉलऱ्याचं विष हे प्रथिन आहे, ते उकळल्याने निकामी होतं. एंडोटॉक्सिन मात्र नुसत्या उकळण्याने जात नाही. काचेच्या बाटल्यांवरून ते घालवायला औषध कारखान्यात 250 अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास देतात. पण तोंडावाटे थोडं एंडोटॉक्सिन पोटात गेल्याने काही होत नाही, आपलं आतडं आधीच अशा जिवाणूंनी भरलेलं आहे. तेव्हा ताई, पाणी उकळून निर्धास्त प्या. धोका सुईवाटे रक्तात जाण्याचा आहे. म्हणून सलाइन आणि इंजेक्शनचा माल एंडोटॉक्सिनसाठी तपासला जातो, आणि ती तपासणी अनेक दशकं एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्ताने होत आली आहे, नालखेकडा म्हणतात त्याला. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर तो सापडतो. त्याचं रक्त एंडोटॉक्सिनचा कण लागला तरी गोठतं.

त्या निळ्या रक्ताची गोष्ट पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा. नमस्कार.